बादाहोस एका दानात पडलं तेव्हा

मी बनवत असलेल्या पटावरच्या युद्धखेळाच्या पहिल्या चाचणी डावात बादाहोस पहिल्याच फेरीत पडलं. धाकट्या भावाने फासा टाकला, पाचचं दान पडलं, त्याने तक्त्यावर बोट फिरवलं आणि फ्रेंच शिबंदीची निळी सोंगटी उचलून डब्यात ठेवली. "झालं, दादा. आता पुढे कुठे जाऊ?"

मी नकाशाकडे बघत बसलो. स्पेन-पोर्तुगालच्या सीमेवरचं हे शहर फ्रेंचांकडून घ्यायला ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या फौजेला १८१२ साली १६ मार्च ते ६ एप्रिल असे तीन आठवडे लागले होते. त्याच्या आदल्या वर्षी दोनदा वेढा घालून दोन्हीदा उठवावा लागला होता. तिसऱ्या वेढ्यात साडेचार हजारांहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यातली साडेतीन हजारांवर एकट्या शेवटच्या रात्री. आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर ते शहर चहा निवायच्या आत पडलं होतं. त्या संध्याकाळी वेढ्याचा नियम मुळापासून लिहायचं ठरवलं. पुढे तो तीनदा लिहिला, आणि वेढ्याचा नियम दुरुस्त करता करता फौजांचे आकडेही उसवावे लागले.

आधी खेळाबद्दल थोडं. नेपोलियनच्या काळातल्या युद्धांवर पटावरचे खेळ जगभर पुष्कळ आहेत. मला १८११ आणि १८१२ या दोन वर्षांचा, फक्त स्पेनच्या पश्चिम भागाचा खेळ हवा होता, म्हणून स्वतःच करायला घेतला. अप्पा बळवंत चौकातून माउंटबोर्ड आणला, छापलेली पानं त्यावर चिकटवून सोंगट्या कापल्या, नेलकटरने त्यांचे कोपरे गोल केले. षटकोनी घरांचा नकाशा फ्लेक्सवर छापून घेतला. सोंगटीवरचा एक गुण म्हणजे हजार माणसं, आणि एक फेरी म्हणजे पंधरा दिवस. मैदानी लढाया बऱ्या जमल्या होत्या. वेढ्यांना मात्र नियमपुस्तकात मी एक परिच्छेद दिला होता.

त्या परिच्छेदाचं गणित असं. बादाहोसमध्ये सेनापती फिलिपाँच्या हाताखाली सुमारे पाच हजार फ्रेंच होते, म्हणजे ५ गुण. तट भक्कम म्हणून तिप्पट, १५ गुण. भावाने वेलिंग्टनची सगळी फौज, ६० गुण, किल्ल्याभोवती आणून ठेवली. प्रमाण चारास एक. लढाईच्या तक्त्यात त्या प्रमाणाच्या रकान्यात पाच किंवा सहा पडलं की किल्ला तुमचा.

किल्ला लवकर पडला हे मला तितकं लागलं नाही. लागलं ते हे, की भाऊ माझ्या नियमाप्रमाणे अगदी शहाण्यासारखा खेळला होता. खऱ्या वेढ्यात निम्म्याहून कमी फौज तटाजवळ होती. बाकीची ग्रॅहम आणि हिल या दोन सेनापतींबरोबर दूर पुढे उभी होती, दक्षिणेच्या अंदालुसियातून फ्रेंच मार्शल सूल कुमक घेऊन आला तर त्याला अडवायला. किल्ला जिंकण्याचं अर्धं काम किल्ल्यापासून कित्येक मैलांवर चाललं होतं. आणि माझा नियम मात्र खेळाडूला सांगत होता की वाटा मोकळ्या सोड, सगळ्यांना तटापाशी आण, फासा टाक. नियम चुकला की खेळाडू चुकीचं युद्ध शिकतो, आणि तो ते मनापासून शिकतो.

दुसरा मसुदा लिहिताना माणसांची तुलनाच काढून टाकली. सतराव्या शतकातल्या वोबाँ या फ्रेंच दुर्गतज्ज्ञाच्या काळापासून युरोपात वेढा हे वेळापत्रकाचं काम होतं. रात्री तटाला समांतर पहिला चर खणायचा, तिथून वाकडेतिकडे चर पुढे न्यायचे, दुसरा समांतर चर, मग दमदमे उभारून तोफा चढवायच्या, तट फोडून खिंडार पाडायचं, आणि मग एक तर किल्लेदार तह करतो, नाही तर सुलतानढवा, म्हणजे तटावर थेट हल्ला. माणसं दुप्पट केली म्हणून दिवस निम्मे होत नाहीत. म्हणून प्रत्येक किल्ल्यासाठी घरांची एक पट्टी आखली. सिउदाद रोद्रिगोला ८ घरं, बादाहोसला १६, बुर्गोसच्या गढीला ६. वेढ्यापुरती फेरी आठवड्याची केली. वेढा पक्का करायला शिबंदीच्या चौपट माणसं पुरेशी, त्याहून जास्त आणली तरी फायदा शून्य. वेढ्याच्या तोफखान्याची एक सोंगटी केली. ती जवळ असेल तर दर आठवड्याला चार घरं पुढे.

इथे आमच्या सोसायटीतले एक काका कामाला आले. ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून निवृत्त झालेले, म्हणजे खणणं आणि पूल बांधणं यात आयुष्य गेलेले. मी विचारलं, "काका, एक माणूस रात्रीत किती फूट चर खणेल?" ते माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, जमीन कसली ते आधी सांग. मुरूम का काळी? पाऊस आहे का? समोरून गोळी येतेय का? मग फूट विचार." मी त्यांना बादाहोसचं सांगितलं. १७ मार्चच्या रात्री पावसात पहिला चर खणायला घेतला, चरांत पाणी भरत राहिलं, २२ मार्चला ग्वादियाना नदीला पूर येऊन तराफ्यांचा पूल वाहून गेला. काका म्हणाले, "मग त्या आठवड्यात कामाचा हिशेबच धरू नकोस. पाणी उपसण्यातच माणूस मरतो." त्यांनी माझ्या वहीत पेन्सिलीने मातीचे तीन प्रकार लिहून दिले आणि प्रत्येकापुढे वजाबाकी. खेळात आजही तीच वजाबाकी आहे. पावसाचं दान पडलं की एक घर कमी, पूर आला की आणखी एक.

त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, तो मला स्वतःला सुचला नव्हता. "यांच्याकडे सॅपर किती होते?" उत्तर असं की शिकवून तयार केलेले सॅपर वेलिंग्टनकडे जवळपास नव्हतेच. चर खणायला पायदळाचे शिपाई, वर मूठभर इंजिनीअर अधिकारी. खंदकाची बाहेरची भिंत सुरुंगाने पाडून हल्ल्याला उतार करून देणारे हात नव्हते, म्हणून शिपायांना खोल खंदकात उतरून मग समोरच्या खिंडारात चढावं लागलं. बादाहोस पाहिल्यावर वेलिंग्टनने सॅपर हवेत म्हणून लंडनला लिहिलं आणि त्याच वर्षी तशी तुकडी उभी राहिली. खेळात याची किंमत मी वेळेत लावली नाही, रक्तात लावली. सॅपर नसलेल्या फौजेने खिंडारावर हल्ला केला की तिची हानी एका गुणाने वाढते.

नवी पट्टी घेऊन बसलो. सिउदाद रोद्रिगो दोन आठवड्यांत पडलं. प्रत्यक्षात वेलिंग्टनने ८ जानेवारी १८१२ ला पहिल्याच रात्री बाहेरच्या टेकडीवरची गढी घेतली आणि १९ तारखेच्या संध्याकाळी शहरात शिरला. बारा दिवस. मला हायसं वाटलं. मग आम्ही बुर्गोस लावलं, आणि तेही दोन आठवड्यांत पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं.

बुर्गोस पडता कामा नये. १९ सप्टेंबर ते २१ ऑक्टोबर १८१२ असा महिनाभर वेलिंग्टन त्या गढीपुढे अडकला, दोन हजार माणसं गमावली आणि फ्रेंच कुमक जवळ आल्यावर वेढा उठवून पोर्तुगालच्या सीमेपर्यंत मागे गेला. आत दुब्रताँ या सेनापतीबरोबर दोनच हजार शिबंदी होती. सालामांकाची मोठी लढाई जिंकून आलेली फौज तिथे हरली, तर माझ्या टेबलावर ती का जिंकते?

कारण माझी तोफखान्याची सोंगटी असते किंवा नसते, एवढंच तिला कळत होतं. बुर्गोसला वेलिंग्टनकडे १८ पौंडी (म्हणजे १८ पौंडांचा गोळा फेकणाऱ्या) तोफा तीन आणि २४ पौंडी हॉवित्झर, म्हणजे आखूड नळीच्या तोफा, पाच, एवढंच साहित्य होतं. एका तोफेचा गाड्यावर बसणारा कान फ्रेंच गोळ्याने उडाला तेव्हा शिपायांनी तिचं नाव एक हात गेलेल्या ब्रिटिश नौसेनापती नेल्सनवरून ठेवलं. याउलट सिउदाद रोद्रिगोपुढे ३८ जड तोफा होत्या, बादाहोसपुढे हॉवित्झर धरून ५२. आठ आणि बावन्न यांना मी एकाच पुठ्ठ्याच्या तुकड्यात कोंबलं होतं.

तिसऱ्या मसुद्यात दर ८ जड तोफांमागे आठवड्याला एक घर, असं साधं माप घेतलं. आकडे मांडले आणि मी वही घेऊन सरळ काकांच्या दारात गेलो. रोद्रिगो, ३८ तोफा, ४ घरं, आठ घरांना दोन आठवडे. बादाहोस, ५२ तोफा, ६ घरं, तीन आठवड्यांत अठरा, त्यातून पाऊस आणि पूर यांची दोन वजा, बरोबर सोळा. बुर्गोस, ८ तोफा, एक घर, म्हणजे सहा आठवडे, आणि फ्रेंच कुमक पाचव्या आठवड्यात पोचते. तीनही वेढे एका मापाने आपापल्या जागी बसले. त्या दिवशीचा आनंद मला अजून आठवतो. पट्ट्यांची घरं मीच ठरवली होती, तेव्हा थोडी जुळवाजुळव त्यात आहेच. पण मी ती घरं तोफा मोजायच्या आधी तटाच्या भक्कमपणावरून लिहिली होती, आणि नंतर एकही बदलावं लागलं नाही.

आता तोफा ओढणं आलं. २४ पौंडी लोखंडी तोफ म्हणजे अडीच टनांचं धूड. ती बैलांनी, पोर्तुगालच्या डोंगरी वाटांनी, गोळे आणि दारू वेगळी. त्यामुळे तोफखान्याची सोंगटी आता फेरीला एकच घर सरकते आणि ती निघाली की फ्रेंच खेळाडूला वेलिंग्टनच्या मनातलं कळतं. हे खेळाडूंना फार आवडलं. त्यावर अधिक लिहीत नाही.

फौजांचे आकडे उसवायची वेळ आली ती इथे. नवा नियम भावाला सांगत होता की निम्मी फौज वेढ्याला ठेव, निम्मी वाटा राखायला. तो तसं करायला गेला आणि प्रत्येक डावात वाटा राखणारी फौज सूलकडून मार खाऊ लागली. तो चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं. "तू म्हणतोस तसं केलं तर हरतो. मग मी सगळी फौज एकत्रच ठेवणार."

दोन आठवडे मी लढाईच्या तक्त्यात चूक शोधत होतो. चूक सोंगट्यांवर होती. ब्रिटिश फौजेची संख्या पुस्तकांतून बहुतेक 'रँक अँड फाइल' म्हणून दिलेली असते, म्हणजे बंदूक घेऊन रांगेत उभे राहणारे शिपाई आणि कॉर्पोरल. अधिकारी, सार्जंट आणि ढोलकरी त्यात धरलेले नसतात. फ्रेंच तक्त्यांतून उचललेला आकडा मात्र सर्व दर्जांच्या हजर माणसांचा असतो. मी दोन्ही आकडे जसेच्या तसे सोंगट्यांवर लिहिले होते. म्हणजे एका बाजूचे सार्जंट मोजले आणि दुसऱ्या बाजूचे घरी ठेवले. ब्रिटिश आकड्यात साधारण एक अष्टमांश मिळवला की दोन्ही मापं जवळ येतात, हा अभ्यासकांचा जुना हिशेब आहे. पाच हजारांची डिव्हिजन त्याने साडेपाच हजारांवर जाते आणि गुणांत पूर्णांक करताना ५ ची ६ होते. एका सोंगटीला हा फरक किरकोळ. सात-आठ डिव्हिजनांना मिळून तो एका अख्ख्या फौजेला उभं राहू देतो.

मग मी सगळ्याच सोंगट्या काढून बसलो, एका रविवारी सकाळपासून दिवे लागेपर्यंत. कागदावर असलेली फ्रेंच फौज वेगळी आणि रणात येणारी वेगळी. स्पेनमध्ये नेपोलियनची तीन लाखांहून अधिक माणसं होती, पण गनिमी टोळ्यांमुळे गावोगाव ठाणी ठेवावी लागत, टपालाच्या घोडेस्वारालाही सोबत द्यावी लागे. फ्रेंच मार्शल मार्माँने रोद्रिगो वाचवायला वेळेत का येऊ नये? कारण त्याची फौज अन्नासाठी पांगलेली होती आणि नेपोलियनच्या हुकमाने तिचा एक मोठा भाग पूर्वेला वालेन्सियाकडे गेला होता. म्हणून फ्रेंच प्रांताला आता दोन आकडे आहेत. एक एकूण, आणि दुसरा ठाणी राखून उरलेला. ठाणी उचलून सगळे एकत्र करता येतात, पण मग त्या प्रांतातून बातमी आणि धान्य दोन्ही येणं थांबतं. आपल्याकडे गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या कोणालाही हे समजवावं लागत नाही. भावाला एका वाक्यात कळलं.

ब्रिटिश बाजूलाही एक काट मारली. १८०९ च्या हॉलंडमधल्या वाल्खेरन मोहिमेत ज्या पलटणींना तापाने गाठलं, त्या पुढे स्पेनमध्ये आल्यावरही सारख्या आजारी पडत. त्यांच्या सोंगटीवर एक लहान ठिपका आहे, हिवाळ्यात ती एका गुणाने उतरते.

आल्बुएरा पुन्हा लावून पाहिली. १६ मे १८११, बादाहोसच्या पहिल्या वेढ्यावर चालून आलेल्या सूलला ब्रिटिश सेनापती बेरेस्फर्डने अडवलं ती लढाई. सूलकडे सुमारे २४,०००, बेरेस्फर्डकडे स्पॅनिश आणि पोर्तुगीज धरून ३५,०००, त्यातले ब्रिटिश दहा हजारांच्या आसपास. त्या दहा हजारांतले चार हजारांवर पडले, पण सूल बादाहोसपर्यंत पोचला नाही. नव्या आकड्यांनी ती लढाई सहापैकी चार वेळा तशीच झाली, म्हणजे भयंकर हानी आणि वाट राखलेली. मी त्यावर थांबलो.

राहिला सुलतानढवा. तटाला खिंडार पडल्यावर काय होतं, हे मला पटत नव्हतं. ६ एप्रिलच्या रात्री सांता मारिया आणि त्रिनिदाद या बुरुजांजवळच्या खिंडारांवर वेलिंग्टनच्या दोन उत्तम डिव्हिजन तुटून पडल्या आणि एकही शिपाई आत जाऊ शकला नाही. फ्रेंचांनी खिंडारात तलवारीची पाती रोवलेले ओंडके साखळीने बांधले होते, उतारावर खिळे ठोकलेल्या फळ्या टाकल्या होत्या, रिव्हियास ओढा अडवून पाणी साठवलं होतं. शहर पडलं ते दुसरीकडून. पिक्टनची डिव्हिजन शिड्या लावून जुन्या गढीवर चढली आणि लीथची माणसं सान विसेंते बुरुजावर. जिथे तट शाबूत होता तिथून.

हे पटावर कसं आणायचं? वाट सापडली ती घराजवळ. वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, ज्याने १८०३ च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरची पेठ ८ तारखेला शिड्या लावून घेतली आणि १२ तारखेला किल्ला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर खिंडारातून बाहेरचा कोट पडला, आतल्या कोटाचा दरवाजा हलेना, तेव्हा कॅप्टन कॅम्पबेल एक तुकडी घेऊन दरीच्या बाजूने शिड्यांनी चढला आणि त्याने आतून दरवाजा उघडला. मी गाविलगडाला जाऊन आलो आहे. दरीच्या त्या बाजूला उभं राहिलं की किल्लेदाराची बाजू कळते. इथून कोण येणार, असंच कोणालाही वाटेल. माणसं मोजकी, तट लांब, आणि सगळ्यांचे डोळे खिंडाराकडे.

म्हणून हल्ल्याच्या रात्री आता फासा शेवटी येतो. आधी किल्लेदार आपले शिबंदीचे गुण तटाच्या चार भागांवर पालथे ठेवतो. मग हल्ला करणारा आपल्या डिव्हिजन वाटतो, तेही पालथे. खिंडारावर रक्षकाचा गुण तिप्पट धरायचा. शिड्यांच्या जागी गुण साधाच, पण तिथे एकही रक्षक असला तर पहिल्या दानात चढणारे माघारी येतात. खिंडारावर खरा हल्ला झाला नाही तर किल्लेदाराला एक गुण हलवता येतो. खिंडारावर माणसं मरत असतात म्हणून शिडीवरचा माणूस वर पोचतो. हा नियम लिहिताना माझा हात जड झाला होता, पण तो खरा आहे.

त्यालाच जोडून आणखी एक कलम आहे. किल्ला सुलतानढव्याने पडला तर जिंकलेल्या डिव्हिजन पूर्ण एक फेरी हलत नाहीत. बादाहोसमध्ये जिंकलेल्या शिपायांनी स्पॅनिश रहिवाशांची तीन दिवस लूट केली, बायकांवर अत्याचार केले. तिथले लोक तर मित्रपक्षाचे होते. एका मित्राचं म्हणणं होतं की हे खेळात कशाला. मला वाटतं ते गाळलं तर विजयाचा रंग खोटा होतो, म्हणून ते कलम मी राखलं.

अल्मेदा या पोर्तुगीज किल्ल्याचा प्रसंग मात्र मित्राच्याच सांगण्यावरून घेतला. २६ ऑगस्ट १८१० ला तिथलं दारूचं कोठार उडून किल्ला एका रात्रीत निकामी झाला. दोन फाशांवर बारा पडले तर तसं होऊ शकतं.

मागच्या महिन्यात पुन्हा बादाहोस लावलं. किल्लेदार काका होते. तिसऱ्या आठवड्यात पट्टी सोळाव्या घरावर आली आणि सूल दोन घरांवर येऊन ठेपला होता, म्हणजे थांबायला वेळ नव्हता. काकांनी पाचपैकी तीन गुण खिंडारावर पालथे घातले, एक सान विसेंतेवर, एक गढीवर. भावाने दोन डिव्हिजन खिंडाराकडे लावल्या. तिथलं दान दोन पडलं आणि दोन्ही डिव्हिजन उलटल्या. सॅपर नव्हते म्हणून आणखी एक गुण गेला. सान विसेंतेवर शिड्या परत आल्या. गढीवरही पहिल्यांदा परत आल्या. काका पुढे वाकले होते, त्यांचा चष्मा कपाळावर. भावाने दुसरं दान टाकलं, सहा पडले, आणि काकांनी गढीवरची सोंगटी स्वतःच्या हाताने उचलून त्याच्याकडे दिली.

भावाच्या ताटलीत त्याच्याच बाद झालेल्या चार तांबड्या सोंगट्या जमल्या होत्या. पुढे कुठे जाऊ, असं त्याने या वेळी विचारलं नाही. नियमपुस्तक ओढून घेऊन तो इंग्लंडहून नवी भरती कोणत्या फेरीला येते ते पान शोधत होता.